लाइन जोडण्याआधी

वेणूमावशी आमच्या घरी आल्या की आधी फोनकडे बघत आणि मग माणसांकडे. फोन दिवाणखान्यात एका तिपाईवर, आईने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली असे. मावशी दाराशी चपला काढत, खुर्चीच्या कडेवर बसत आणि विचारत, "रिसिव्हर नीट बसला आहे ना वं?" आई हो म्हणाली तरी त्या उठत, रुमाल बाजूला करत, रिसिव्हर एकदा उचलून पुन्हा जागेवर ठेवत आणि वर सोफ्यावरची उशी आणून ठेवत. एवढं झाल्यावर आवाज खाली आणून त्या जी बातमी सांगत ती बहुतेक वेळा अशी असे: भिवापूरहून मिरची आली आहे आणि यंदा ती तितकीशी लाल नाही.

मला त्यांचं हसू यायचं, पण मी हसत नसे. मी कोणासमोरच फारशी हसत नसे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी धड्यातल्यासारखं होतं, आणि कॉलनीतल्या मुली ते ऐकून एकमेकींना कोपर मारत. त्यापेक्षा गप्प राहणं बरं, असं मी लवकरच ठरवलं होतं. गप्प राहणाऱ्या माणसाला बघायला भरपूर वेळ मिळतो. मी वेणूमावशींना बघत असे.

आमची कॉलनी हुडकेश्वरच्या रस्त्याला होती. आज तिथे घराला घर लागलं आहे. तेव्हा अर्धे प्लॉट रिकामे होते आणि शेवटच्या घराच्या कुंपणापलीकडे तूर उभी असायची. बाबा डॉक्टर असल्याने आम्हाला फोन लवकर मिळाला आणि मिळाल्या दिवसापासून तो सगळ्यांचा झाला. लग्नाच्या पत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर लोक आमचा नंबर लिहीत आणि पुढे पी.पी. अशी दोन अक्षरं जोडत. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, बोलणारा दुसराच. फोन आला की ज्याच्या त्याच्या घरी धावत जाऊन सांगायचं काम माझ्याकडे होतं. मला दुसरं कोणतंही काम चाललं असतं.

वेणूमावशी रामटेके आमच्यापासून तिसऱ्या घरात राहत. नवरा लवकर गेला. त्यांनी एकटीने, टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमधल्या, परगावचे फोन जोडून देण्याच्या नोकरीवर, सुनंदाला वाढवलं. वर्षानुवर्षं डाव्या कानावर हेडफोन चढवून तो कान अधू झाला आणि त्या मुदतीआधीच घरी बसल्या. म्हणून त्या नेहमी उजवा कान पुढे करून चालत, एखादी गोष्ट चोरून ऐकायला निघाल्यासारख्या. डाव्या कानात कुडी नव्हती. हेडफोनखाली टोचते म्हणून काढून ठेवलेली ती कुडी त्यांनी नोकरी सुटल्यावरही घातली नाही.

त्यांना दोन आवाज होते. घरचा आवाज मिरची कुटणारा, खरखरीत, पूर्ण नागपुरी. ड्यूटीचा आवाज मात्र इस्त्री केलेल्या पातळासारखा. "नंबर सांगा. लाइनवर राहा. बोला." मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हींत सारखाच गुळगुळीत, त्यात त्या कुठल्या, कोणाच्या, काय खाऊन आलेल्या, काही कळत नसे. आमच्या फोनवर त्या कायम ड्यूटीच्या आवाजात बोलत. समोर कोणीही असो.

मी फोन उचलून नुसतं हॅलो म्हणते आणि थिजते, हे त्यांनी एकदा पाहिलं.

"काहून भिऊन राहिली वं? तो काय तारेतून बाहेर येऊन तुले चावणार आहे?"

"मला काय बोलायचं ते सुचत नाही, मावशी."

"मंग बोलू नको. ऐक. ऐकणाऱ्याचं कोणी काही बिघडवत नाही." त्यांनी रिसिव्हर माझ्या हातात दिला आणि माझा तळवा बोलायच्या भागावर दाबून धरला. "बोलून झालं की असा हात ठेवायचा. आपला श्वास समोरच्याले ऐकू गेला नाही पाहिजे. श्वासात सगळं समजते."

त्या स्वतः तसंच करत. एक वाक्य बोलायचं, तळवा ठेवायचा, ऐकायचं, तळवा काढायचा, पुढचं वाक्य. मला ते एखाद्या वाद्यासारखं वाटे.

यंत्रांबद्दलचं त्यांचं एक मत पक्कं होतं: ज्या तारेतून आवाज येतो, त्याच तारेतून तो जातोही. टीव्ही आमच्या भागात नुकताच आला होता. बाबांनी त्यांना एका संध्याकाळी समजावून सांगितलं की गच्चीवरचा अँटेना फक्त घेतो, पाठवत काही नाही.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही पेशंट पाहता. मी लाइनी पाहिल्या," मावशी म्हणाल्या. "अर्धी लाइन म्या कधी पाहिली नाही."

"अहो, पण बातम्या देणारा माणूस तुम्हाला बघत नाही."

"तो नाही पाहत, हे मले माहीत आहे. मी का येडी आहो? पण त्याच्या मागं कोणी बसलं असंल, त्याचं काय?"

बाबा हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांचा क्वार्ट्झच्या घड्याळावर विश्वास नव्हता, कारण ते टिकटिक करत नाही. आणि जे काम करताना आवाज करत नाही, ते काय करत असेल याचा भरवसा काय? मिक्सरवर नव्हता, कारण तो इतका आवाज करतो की त्याच्या आडून कोणीही काहीही बोलून घेईल. कॅल्क्युलेटरवरचा हिशेब त्या बोटांच्या पेरांवर पुन्हा करून बघत.

माझ्या मामाने मस्कतहून माझ्यासाठी खिशात मावेल असा एक व्हिडिओ गेम आणला होता. त्यात वरून फळं पडत आणि दोन बटणं दाबून टोपलीवाल्या इवल्याशा माणसाला इकडेतिकडे नाचवायचं. मी दुपारभर खेळत बसे. माणसांशी बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. मावशींनी तो हातात घेतला, उलटा केला, मागचं झाकण उघडून बटणाएवढी बॅटरी पाहिली, वास घेतला आणि मग चष्मा लावून खेळायला बसल्या. खेळायला नव्हे, चोरी पकडायला. आई चहा घेऊन आली तरी मान वर नाही. चहावर साय धरली. शेवटी त्यांनी गेम माझ्या मांडीवर टाकला.

"समजलं. आपण नीट झेललं की हे जोरात टाकते. वाईट खेळलं तर हळू चालते. म्हणजे चांगलं काम करणाऱ्याले सजा."

"पण मावशी, गेम असाच असतो. स्पीड वाढतो."

"नोकरी बी अशीच असते बाप्पा. मंग त्याच्यासाठी मस्कतले काहून जायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा आल्या. "पाहू ते मशीन. काल त्यानं मले फसवलं."

त्या यंत्रांवर संशय घेत आणि कॉलनी त्यांच्यावर. इतकी वर्षं लोकांचे फोन जोडणारी बाई. हिने काय काय ऐकलं असेल? रविवारी आमच्याकडे टीव्हीवर सिनेमा बघायला बायका जमत, सतरंजीवर गर्दी होई. मावशी दारात दिसल्या की बोलणं एकदम पातळ होई. एकदा समोरच्या देशकर काकू मोठ्याने म्हणाल्या, "हळू बोला गं बायांनो, एक्स्चेंज आलं."

"बोला ना बाई बिनधास्त," मावशी बसता बसता म्हणाल्या. "मी रिटायर आहो. आता फुकट काहून ऐकू?"

सगळ्या हसल्या. देशकर काकूही हसल्या, पण त्यांचं हसू लवकर संपलं. "आमच्या सुधाकरचं अमरावतीचं लग्न मोडलं तेव्हा मात्र नव्हत्या तुम्ही रिटायर."

सुधाकरदादाचं ठरलेलं लग्न काही वर्षांपूर्वी मोडलं होतं. देशकरांनी अमरावतीला फोनवर जे बोलणं केलं, ते मावशींनी बाहेर सांगितलं, असा काकूंचा समज होता. पडद्यावर नायिका बर्फात धावत होती. मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी न विचारताच म्हणाल्या, "ऐकलं म्हणलं तरी मी फसली, नाही ऐकलं म्हणलं तरी फसली. म्हणून चूप राहिली."

"पण तुम्ही सांगितलं नव्हतं ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. "बाई वं, ज्या खुर्चीवर बसून खाल्लं, त्या खुर्चीवरचं बाहेर न्यायचं नाही. मरू दे दुनिया. नलू अन् मी, आम्ही दोघी एका दिवशी नोकरीले लागलो. एकमेकीले बी कधी सांगितलं नाही."

नलूबाई म्हणजे त्यांची जोडीदारीण, अजून नोकरीत असलेली. आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. ती आमच्यासाठी फक्त एक आवाज होती, ट्रंक कॉल आला की सगळ्यांत आधी येणारा.

त्या दिवशी फाटकाशी उभ्या उभ्या मावशींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. लोकांना वाटतं, ऑपरेटर बोलणं ऐकते. बोलण्यात ऐकण्यासारखं काही नसतं. ट्रंक कॉल लावणारा माणूस लाइनवर वाट बघत असतो, समोरचा अजून जोडलेला नसतो; तेवढ्या वेळात तो समजतो की आपल्याला कोणी ऐकत नाही. ऑपरेटर ऐकत असते. कोणी रडत असतं. कोणी शेजारच्याला शिव्या देत असतं. कोणी नुसतं देवाचं नाव घेत असतं.

"मंग आपण म्हणतो, बोला. की लगेच नाक पुसतात अन् म्हणतात, हॅलो, इकडं सगळं मजेत!" त्यांनी इस्त्रीचा आवाज काढून दाखवला. "जोडायच्या आधीचं खरं असते, मिनू. जोडल्यावर सगळे खोटं बोलतात. म्हणून ऑपरेटर कधीच आधी लाइन जोडत नाही. दोन्हीकडे माणूस तयार झाला, बोला म्हणलं, की मंगच जोडायचं. ही चूक आमच्या हातून व्हायचीच नाही. नवी पोरगी बी नाही करायची."

सुनंदाताईचं लग्न झालं तेव्हा मी बारावीत होते. जावई बिलासपूरच्या पुढे, कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत नोकरीला. मांडवात पाठवणीच्या वेळी मावशी रडल्या नाहीत. लेकीला बाजूला घेऊन त्यांनी एकच गोष्ट बजावली. मी हातात ओटीचं ताट घेऊन शेजारीच उभी होते. "फोनवर चांगलंच बोलायचं. वाईट काही असलं तर येऊन सांगायचं. तार कोणाची नसते." सुनंदाताई रडता रडता हसली आणि म्हणाली, "हाव ना आई, लहानपणापासून ऐकून राहिली."

तेव्हा तो मला मावशींचा एक विनोद वाटला होता.

रविवारी सकाळी तिचा फोन येई. नलूबाईचा आवाज, मग माझं धावणं, मग पदर खोचत येणाऱ्या मावशी. बोलणं ठरलेलं. कशी आहेस? मजेत. ऊन किती आहे? खूप. जावई? मजेत. मग राहिलेला वेळ त्या दोघी टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलत. टीव्हीचा इतका राग असलेल्या मावशींनी त्यासाठीच घरात टीव्ही आणला होता, काळापांढरा, लाकडी दारांचा. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ती तिथं जे पाहून राहिली ते मले इथं दिसलं पाहिजे." गुरुवारी संध्याकाळी दोघी, दोन गावांत, एकाच वेळी एकाच कुटुंबाची भांडणं बघत. घरात काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मात्र मावशी उठून टीव्हीची पिन भिंतीतून उपटत, मागची अँटेनाची चपटी तार काढत आणि वर चादर टाकत. बटणाने बंद करणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं.

पहिल्या दिवाळीनंतर त्या लेकीकडे जाऊन आल्या. आल्यावर आमच्याकडे बसल्या, पण रिसिव्हर उचलून पाहायचं विसरल्या. आईच्याही ते लक्षात आलं.

"घर चांगलं आहे," मावशी म्हणाल्या. "फरशी अशी की तोंड दिसते. कलर टीव्ही आहे."

"मग?"

"तो टीव्ही जावयानं एकदा बंद केला नाही बाप्पा. मी उठली की चालू, झोपली की चालू. सुनू काही बोलाले लागली की आवाज वाढवे. अन् कामावर जाईल म्हणलं, तर त्यानं सुट्टीच काढली होती. सासू आली म्हणून."

"चांगलंच आहे की," आई म्हणाली. "मानाने वागवलं."

"हाव, मानानं." मावशी पदराच्या टोकाला पीळ देत राहिल्या. "माझं घर असतं तर पिन काढली असती. दुसऱ्याच्या घरची पिन कशी काढावी?"

त्यानंतर रविवारच्या फोनकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. मावशींचा तळवा आता जास्त वेळ रिसिव्हरवर असे. बोलणं तेच, मजेत, मजेत, पण ठेवल्यावर त्या लगेच उठत नसत. उन्हाळ्यात एका रविवारी सुनंदाताईने विचारलं, "आई, ती सीरियलमधली सून माहेरी परत जाईल का गं?" आणि मावशी ड्यूटीच्या आवाजात म्हणाल्या, "पाहू पुढच्या गुरुवारी." फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"मिनू, या गुरुवारी सून होती का वं सीरियलीत?"

"या गुरुवारी सीरियल झालीच नाही मावशी. भाषण दाखवलं ना."

"तेच म्हणलं," त्या म्हणाल्या. "तेच म्हणलं मी."

आई म्हणाली, जाऊन या. मावशींनी जावयाला विचारलं होतं. तो म्हणाला, इतक्यात नको, क्वार्टरमध्ये काम चालू आहे, आम्हीच येऊ. ते आले नाहीत. सगळ्या जगावर संशय घेणारी ही बाई इथे येऊन अडली होती. "जाऊन काय म्हणू? काय ऐकलं मी? पोरगी तर मजेत म्हणते," असं त्या म्हणत, आणि तसं म्हणायला पोरीला कोणी शिकवलं हे त्यांना माझ्या आईपेक्षा चांगलं माहीत होतं. त्या वाळल्या. गच्चीवर मिरच्या टाकल्या तर उचलायचं ध्यान राहिना. आई मला पाठवून गोळा करून घेई.

मग तो रविवार आला. सकाळची वेळ, आमच्या टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम चालू होता, देशकर काकू साबुदाण्याच्या पापड्यांचं काही विचारायला आल्या होत्या. फोन वाजला, ट्रंक कॉलची लांबलेली घंटा.

"बिलासपूर लाइन," नलूबाई म्हणाली. मग थांबली. तिचा आवाज जरा वेगळा वाटला. "वेणूताईंना बोलव, बाळ. आणि त्यांना म्हण, मी 'बोला' म्हणेपर्यंत काही बोलू नका. एक शब्दही नाही. सांगशील ना?"

मी धावत गेले. निरोप जसाच्या तसा सांगितला. मावशी भांडी घासत होत्या. राखेचे हात तसेच घेऊन उठल्या, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला न घालता निघाल्या.

आमच्या दिवाणखान्यात त्यांनी मला टीव्हीकडे बोट दाखवलं. मी बटण बंद केलं. त्यांनी मान हलवली. मी पिन काढली. तेव्हा त्यांनी रिसिव्हर उचलला, राखेचा तळवा त्यावर ठेवला आणि उजवा कान लावला. ट्रंक कॉलच्या आवाजाचं काही सांगता येत नसे. कधी ओरडावं लागे, कधी खोलीभर ऐकू येई. त्या दिवशी खोलीभर ऐकू आलं.

आधी हुंदका. मग पुरुषाचा आवाज, शांत, समजावणीचा म्हणावा असा. "डोळे पूस आधी. आवाज नीट कर. मजेत आहे म्हणायचं, अन् ठेवायचं. समजलं?"

"म्हणते ना." सुनंदाताईच होती. "म्हणते. हात सोडा. दुखून राहिलं."

"आधी आवाज नीट कर."

मग नाक ओढल्याचा, खाकरल्याचा आवाज. देशकर काकू हातातली पिशवी तशीच धरून उभ्या होत्या. आई दारात. मावशींचा तळवा रिसिव्हरवर इतका घट्ट दाबलेला होता की बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"बोला," नलूबाई म्हणाली.

"हॅलो! आई? कशी आहेस? आम्ही मजेत!"

मावशींनी तळवा काढला नाही.

"आई? ऐकू येतंय का? हॅलो?"

तळवा निघाला. "हो. येतंय ऐकू," मावशी म्हणाल्या. इस्त्रीचा आवाज. मग तो आवाज मध्येच तुटला आणि खालून दुसरा निघाला, मिरची कुटणारा, जो आमच्या फोनवर आम्ही कधीच ऐकला नव्हता.

"सुनू, म्या ऐकलं वं. आधीचं बी ऐकलं. तू काही बोलू नको. मी येऊन राहिली तुले घ्याले. आजच्या गाडीनं." पलीकडून नुसता श्वास आला. "अन् जावईबापू, तुम्ही बी ऐका. तुम्ही कान लावून आहा, मले माहीत आहे. पोरीचा हात सोडा. या घरात चार माणसं ऐकून राहिली. लाइनवर आणखी आहेत. सोडा हात."

कॉलची ठरलेली वेळ संपल्याचं नलूबाई नेहमी सांगे, अगदी वाक्याच्या मध्ये. त्या दिवशी तिने सांगितलं नाही. लाइन कितीतरी वेळ तशीच राहिली. मावशी आता तळवा न ठेवता ऐकत होत्या. त्यांचा श्वास, जो कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी जन्मभर जपला, तो सगळा पलीकडे जात होता. मग सुनंदाताई रडली. मोठ्याने, लहान मुलीसारखी. मावशी म्हणाल्या, "रड. रड मी येतपर्यंत."

त्यांनी रिसिव्हर ठेवला. उचलून पुन्हा ठेवला. तिपाईवरच्या पांढऱ्या रुमालावर राखेची बोटं उमटली होती.

सगळ्यात आधी देशकर काकू बोलल्या. "गाडी कधीची आहे?"

मावशींनी वळून पाहिलं. "काहून?"

"सुधाकरला पाठवते सोबत. तो माणूस दार उघडणार नाही एकट्या बाईला."

"तुमचा सुधाकर?" मावशींच्या कपाळावर आठी आली. सवयच ती. "तो काहून येईल?"

"मी सांगते म्हणून येईल. तुम्ही पिशवी भरा, बाई. संशय गाडीत बसून घ्या."

दुपारच्या गाडीने दोघं गेली. निघताना रिक्षात बसलेल्या मावशींना मी विचारलं, "नलूबाईंनी मुद्दाम केलं ना?"

त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला, जणू ऐकू आलं नव्हतं. "काय?"

"लाइन. आधीच जोडली."

"चूक झाली असंल," त्या म्हणाल्या. "होते कधीमधी."

सुनंदाताईला घेऊन त्या परत आल्या. तिची तब्येत बघत बाबा बराच वेळ त्यांच्या घरात होते. तिच्या मनगटावरचं काळंनिळं मी पाहिलं, पण आणखी काय काय झालं होतं ते तिने कोणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. मावशींनी विचारलं नाही. कॉलनीतल्या बायका डबे नेऊन देत आणि दारातून परतत. दोघी जेवत, मिरच्या निवडत, टीव्हीसमोर बसत. सुनंदाताईला टीव्ही चालू लागे. बंद केला की ती दचके, म्हणून मावशी तो दिवसभर चालू ठेवत, आणि त्यांच्याच घरात त्या कोणताही आवाज न काढता वावरत.

मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जाणार होते. आदल्या संध्याकाळी आईने मला त्यांचा डबा परत करायला पाठवलं. गुरुवार होता. कॉलनीतल्या सगळ्या खिडक्यांत एकच निळा उजेड हलत होता, आणि एकाच मालिकेचं एकच संगीत एका घरातून दुसऱ्या घरात जात होतं. मावशींचं दार उघडं होतं. मी पायरीवर चपला काढायला वाकले.

आत दोघी सतरंजीवर बसल्या होत्या, पडद्याकडे तोंड करून. सुनंदाताईच्या मांडीवर सूप होतं आणि त्यातल्या मिरच्यांची देठं ती न बघता खुडत होती. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर पडद्याचा उजेड पडून सरकत होता. खुडता खुडता तिचे हात थांबले.

"आई," ती म्हणाली. "तुले एक सांगू?"

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि पिन उपटली. पडद्यावरचं कुटुंब एका पांढऱ्या ठिपक्यात गोळा झालं आणि तोही विझला. मागची तार काढली, वर चादर टाकली. मग त्या लेकीसमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या, उजवा कान पुढे केला आणि दोन्ही तळवे उघडे, वर करून, मांडीवर ठेवले.

"हाव," त्या म्हणाल्या. "बोल."

मी डबा पायरीवर ठेवला, आवाज न करता, आणि परत निघाले. साऱ्या रस्त्याला तेवढ्या एकाच खिडकीत अंधार होता.